वारशाची वाट धोबीतलावाशी का थांबते?

महानगरांतील सुशिक्षित समाजाला अलीकडे एका नव्या छंदाने वेढले आहे. त्याचे नाव ‘हेरिटेज वॉक’. रविवारी सकाळी मुंबईच्या फोर्ट भागात पंधरा-वीस जणांचे घोळके एका माहितगारामागून चालताना दिसतात. गळ्यात कॅमेरा, हातात पाण्याची बाटली आणि नजर सतत वर, कमानींकडे व घुमटांकडे लागलेली. दोन-अडीच तासांत ‘मुंबईचा इतिहास’ पाहून झाल्याचे समाधान पदरात पाडून ही मंडळी एखाद्या इराणी हॉटेलात न्याहारीला बसतात.

छंद वाईट नाही. पायी चालून भूमीची ओळख करून घेणे हे या देशाला कोणी शिकवावे असे नाही. नर्मदेची परिक्रमा, काशीची पंचक्रोशी, पंढरीची वारी ही सारी पायांनी भूमी वाचण्याचीच विद्यापीठे आहेत. यात्रेकरू चालता चालता गाव ऐकतो, नदीची कथा ऐकतो, संतांचे चरित्र ऐकतो आणि घरी परततो तेव्हा ती भूमी त्याची झालेली असते. प्रश्न चालण्याचा नाहीच. चालणाऱ्याच्या कानात काय ओतले जाते, वाट कोठे सुरू होते आणि कोठे थांबते, हा प्रश्न आहे.

हुंड्यापासून सुरू होणारा इतिहास

या फेऱ्यांचा मार्ग जवळजवळ ठरलेला असतो. गेटवे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय, काळा घोडा, विद्यापीठ व राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय, फ्लोरा फाउंटन, हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. निवेदनाचा आरंभही ठरलेला. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहात मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात मिळाली; १६६८ साली ती वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली; तेथून पुढे इतिहास. त्याआधी काय होते? सात बेटे, दलदल, थोडी कोळ्यांची वस्ती. एका वाक्यात सहस्रावधी वर्षे गुंडाळली जातात.

विनोद असा की, हे निवेदन ज्या गेटवेच्या धक्क्यावर चालते, त्याच धक्क्यावरून घारापुरीच्या बोटी सुटतात. घारापुरीची शैवलेणी इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या आसपासची. युनेस्कोने त्यांना १९८७ सालीच जागतिक वारशाचा मान दिला. गेटवेची कमान पूर्ण झाली १९२४ साली. चौदा शतकांच्या अंतराने उभ्या राहिलेल्या या दोन वास्तूंपैकी मुंबईचे ‘प्रवेशद्वार’ कोणते मानावे, हे पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे. दलदलीत थोडेसे मासेमार राहत होते असे म्हणणाऱ्याने समोरच्या बेटावरील त्रिमूर्ती कोणी कोरली, याचेही उत्तर द्यावे. याच महानगराच्या हद्दीत कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत, हे तर त्याला आठवतही नाही.

आणि शहराला नाव कोणी दिले? मुंबादेवीने. या देवीचे जुने देऊळ आज जेथे टर्मिनस उभे आहे त्या बोरीबंदर परिसरात होते. किल्ल्याभोवतीचे मैदान मोकळे करण्यासाठी अठराव्या शतकात ते तेथून हलवावे लागले आणि देवी आजच्या जागी, काळबादेवीजवळ आली. स्थानकाच्या दर्शनी भागावरील दगडी प्राण्यांची आणि पानाफुलांची पंधरा मिनिटे रसभरित वर्णने होतात. ज्या देवीच्या नावाने शहर ओळखले जाते तिची मूळ जागा याच आसपास होती, हे सांगायला अर्धे मिनिट मिळत नाही.

स्वार गेला, घोडा राहिला

या मनोवृत्तीचे प्रतीक शोधायला दूर जावे लागत नाही. काळा घोडा चौकात प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, अश्वारूढ पुतळा होता. १८७५ सालच्या त्याच्या भारतभेटीचे ते स्मारक. स्वतंत्र भारतात परक्या राजपुत्राने भर चौकात घोड्यावर बसून राहू नये, हा विचार जनतेत रुजला आणि १९६५ साली पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात नेण्यात आला. स्वार गेला. नाव मात्र घोड्याचे राहिले. त्या नावाभोवती कलादालने आली, महोत्सव आला, प्रतिष्ठा आली. अखेर २०१७ साली त्याच परिसरात नवा काळा घोडा उभा राहिला, या वेळी स्वाराविना.

शिल्प देखणे आहे, त्याच्या कारागिरीला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु रिकाम्या खोगिराचा तो घोडा पाहून एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. साम्राज्य गेले, पण साम्राज्याची जागा आपण मनात रिकामीच ठेवली. तेथे आपला कोणी बसवावा, असे आपल्याला वाटले नाही. मेकॉलेने १८३५ साली आपल्या शिक्षणविषयक टिपणात रंगाने हिंदी पण अभिरुचीने इंग्रज असा वर्ग घडवण्याची मनीषा बोलून दाखवली होती. त्या वर्गाची तिसरी-चौथी पिढी आता सुटीच्या दिवशी पूर्वजांच्या धन्यांची घरे पाहायला निघाली आहे, असे कोणी म्हटले तर ते कठोर वाटेल. खोटे म्हणता येईल काय?

दगडांनी दडवलेल्या कथा

येथे एक आक्षेप हमखास येतो. “मग काय, या इमारती पाडायच्या? इतिहास पुसायचा?” आक्षेप घेणाऱ्याला उत्तर ठाऊक असते, तरीही तो प्रश्न विचारतो; कारण समोरच्याला धर्मांध ठरवण्याचा तो सोपा मार्ग आहे. उत्तर स्पष्ट आहे. एकही दगड हलवू नये. या इमारती आपल्याच आहेत. इंग्रजांच्या कृपेने त्या आपल्या झालेल्या नाहीत. त्या उभारणारा पैसा आणि हात आपले होते म्हणून त्या आपल्या आहेत.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईच्या बंदरातून गेला. त्या संपत्तीवर गॉथिक मुंबई उभी राहिली. तो कापूस गुजरात, खानदेश, वऱ्हाडच्या काळ्या मातीत पिकला होता. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांनी मातेच्या नावे दिलेल्या देणगीतून झाला. विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहामागे कावसजी जहांगीर यांचे दान आहे. टर्मिनसचे आराखडे स्टीव्हन्सचे खरे. परंतु कामावर देखरेख करणाऱ्यांत सीताराम खंडेराव यांच्यासारखे देशी अभियंते होते आणि कोरीवकामात सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते. स्टीव्हन्सचे नाव फेरीत दहा वेळा उच्चारले जाते. खंडेरावांचे किती वेळा?

याच फोर्टच्या दगडांत दुसरा इतिहासही दडलेला आहे. ‘फोर्ट’ हे नाव ज्या तटामुळे पडले, त्या तटाभोवती खंदक का खणला गेला? १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. मराठे आता आपल्यावर येणार, या धास्तीने खंदकाचे काम हाती घेतले गेले आणि व्यापाऱ्यांनी त्यासाठी ३०,००० रुपये जमवून दिले. तीनच वर्षांनी कलकत्त्यातही तेच घडले. तेथील खंदकाला तर ‘मराठा डिच’ असेच नाव पडले. सागरी व्यापाराची ही दोन मोठी ठाणी मराठ्यांच्या भयाने स्वतःभोवती खड्डे खणत होती, ही गोष्ट मुंबईतल्या मराठी मुलाला फोर्टमध्ये फिरताना कोणी सांगू नये, याला काय म्हणावे?

त्याही आधी, १६७९ साली, शिवछत्रपतींनी मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी बेटावर दुर्ग बांधायला घेतला. इंग्रजांनी आरमार पाठवून अडवण्याचा यत्न केला. दुर्ग उभा राहिलाच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत खांदेरी आहे. २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींना तोच मान मिळाला, तेव्हापासून त्या इमारतींभोवतीच्या फेऱ्यांचे कौतुक थांबलेले नाही. आता गेटवेपाशी उभ्या राहणाऱ्या माहितगाराने दक्षिणेकडे हात करून खांदेरीचे नावही घ्यावे, एवढी अपेक्षा अवास्तव नव्हे.

आझाद मैदानाच्या हिरवळीवर क्रिकेट खेळणारी मुले पाहून फेरी पुढे सरकते. याच एस्प्लनेडच्या मैदानात १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मंगल गडिया आणि सय्यद हुसेन या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. एक हिंदू, एक मुसलमान. दोघांचा अपराध एकच, परक्या सत्तेविरुद्ध उठावाचा बेत. उच्च न्यायालयाच्या मनोऱ्यांची उंची सांगितली जाते. तेथेच २२ जुलै १९०८ च्या रात्री लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, नऊ ज्युरींपैकी सात युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले आणि दोन पारशी ज्युरींनी विरुद्ध मत दिले, हे सांगितले तर सांगितले. त्या शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस, वर्षाला एक दिवस या हिशेबाने, काम बंद ठेवले. न्यायालयाच्या त्या दालनाबाहेर १९५६ साली टिळकांच्या उद्गारांची शिला बसवण्यात आली. या वास्तूचे खरे शिखर ती शिला आहे.

धोबीतलावाच्या पलीकडे

इतके झाल्यावरही मुख्य प्रश्न उरतोच. ही वाट उत्तरेकडे धोबीतलावापाशी येऊन थांबते. काही अभ्यासू मंडळी बाणगंगेला किंवा भुलेश्वरला फेऱ्या नेतात, त्यांना धन्यवाद दिले पाहिजेत. परंतु तो अपवाद. बहुतेकांच्या लेखी धोबीतलावाच्या पलीकडे गर्दी आहे, बाजार आहे, चाळी आहेत, वारसा नाही. इंग्रजांच्या काळी याच सीमेपलीकडच्या भागाला ‘नेटिव्ह टाऊन’ म्हणत. इंग्रज गेले, सीमा मात्र आम्ही निष्ठेने सांभाळली.

त्या पलीकडे काय आहे? काळबादेवीच्या गल्लीत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता. गरिबीत वाढलेल्या, छापखान्यातील हलक्या कामापासून सुरुवात केलेल्या या माणसाने १८६९ साली छापखाना काढला आणि संस्कृत ग्रंथांच्या अशा शुद्ध आवृत्त्या दिल्या की, जगभरच्या पंडितांनी त्या प्रमाण मानल्या. गिरगावात १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला; १८७५ साली स्वामी दयानंदांनी आर्य समाजाची स्थापना याच गिरगावात केली. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि १९०१ साली स्वतः लोकमान्य तेथे येऊन गेले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या सरदारगृहात १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांनी देह ठेवला आणि चौपाटीच्या वाळूवर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. एका धर्माचे पुनरुत्थान, एका भाषेचे मुद्रण, एका देशाचा चित्रपट आणि एका राष्ट्राचा असंतोष अर्ध्या तासाच्या चालीत सामावलेला आहे. जगातल्या किती शहरांत असा दुसरा अर्धा तास सापडेल?

याच वाटेने पुढे वाळकेश्वरला गेले की बाणगंगा. शिलाहारांच्या काळात, ११२७ साली लक्ष्मण प्रभू यांनी हे कुंड बांधले, अशी परंपरा सांगते. मंदिराचा जीर्णोद्धार १७१५ साली रामा कामती यांनी केला. हे रामा कामती कंपनीच्या शिपायांचे सरदार, मुंबईतले प्रतिष्ठित गृहस्थ. १७२० साली त्यांच्यावर कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून इंग्रजांनी त्यांची मालमत्ता जप्त केली, त्यांना तुरुंगात टाकले. तेथेच त्यांचा अंत झाला. ज्या पत्रावर खटला उभा होता ते बनावट असल्याचे मागाहून उघडकीस आले. ‘ब्रिटिश न्याया’च्या थोरवीने भारावलेल्या मंडळींनी उच्च न्यायालयासमोरून निघून एकदा रामा कामतींच्या मंदिरापर्यंत चालत यावे.

आपल्या अंगणातील केर

परंतु सारा दोष फेऱ्या काढणाऱ्यांच्या माथी मारून स्वस्थ बसणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते जे जाणतात ते सांगतात. आपण जे जाणतो ते आपण सांगितले काय?

ज्यांच्या आजोबांचे आयुष्य गिरगावच्या चाळीत गेले, ती मराठी कुटुंबे डोंबिवली, बोरिवली, पुण्याकडे गेली. जाणे अपरिहार्य होते, विसरणे नव्हते. सुटीत मुलांना मॉलमध्ये नेणाऱ्या किती पालकांनी त्यांना केशवजी नाईकांची चाळ दाखवली? ‘हिंदू संस्कृती धोक्यात आहे’ असे तळमळीने बोलणाऱ्या किती विश्वस्तांनी आपल्या देवळाच्या जुन्या दगडी भिंतींवर स्नानगृहाच्या फरशा बसवताना हात आखडता घेतला? नक्षीदार सागवानी खांबांवर तैलरंगाचे थर चढवणारे, दीपमाळेला ट्यूबलाईट बांधणारे, शिलालेखावर देणगीदारांची नावे चिकटवणारे हात मेकॉलेचे नाहीत. ते आपलेच आहेत.

जून २०२४ मध्ये बाणगंगेच्या कुंडातील गाळ काढताना कंत्राटदाराने यंत्र थेट पायऱ्यांवर उतरवले आणि शतकानुशतकांच्या पायऱ्यांचे नुकसान झाले. संताप झाला, गुन्हा नोंदला गेला, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली. तेवढ्यावर न थांबता एक प्रश्न विचारला पाहिजे. राजाबाई टॉवरच्या जिन्यावरून असे यंत्र चालवण्याची छाती कोणाला झाली असती काय? झाली नसती, कारण त्या जिन्याला पाहणारे डोळे आहेत. ज्या वास्तूकडे समाज नित्य जातो, तिला हात लावताना कंत्राटदारही दहा वेळा विचार करतो. जेथे कोणी फिरकत नाही, तेथे वारसा हा केवळ बांधकामाचा अडथळा ठरतो. मुंबईत १९९५ साली देशातील पहिली वारसा नियमावली आली. नियम कागदावर असतात. त्यांना धार येते ती पाहणाऱ्या नजरांनी.

वेळ थोडा आहे

गिरगावचा चेहरा झपाट्याने बदलत आहे. चाळींच्या जागी मनोरे येत आहेत. मोडकळीस आलेल्या खोल्यांत, सार्वजनिक नळावर आणि सामाईक शौचालयावर आयुष्य काढलेल्या माणसांना चांगले घर मिळायलाच हवे. त्यांच्या हालांवर कोणी वारशाची आरास करू नये. परंतु चाळ जाताना तिची स्मृतीही मातीबरोबर वाहून न्यावी, असा नियम नाही. ज्या वास्तूत इतिहास घडला तेथे नव्या इमारतीच्या दारी एक ठसठशीत मराठी फलक लावायला काय खर्च येतो? एखादा जिना, एखादी गॅलरी, उत्सवाचे एखादे अंगण राखून ठेवायला वास्तुविशारदाची किती कल्पकता लागते? हे मागणारे रहिवासी हवेत. मागणारा नसेल तर देणारा कशाला देईल?

ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोची संपूर्ण मार्गिका सुरू झाली आहे. हुतात्मा चौक, काळबादेवी, गिरगाव ही स्थानके तिच्यावर आहेत. आता उपनगरातल्या कुटुंबाला अंतराची सबब उरलेली नाही. शाखांनी, महिला मंडळांनी, शाळांनी, गणेशोत्सव मंडळांनी आपापल्या वाटा आखाव्यात. पहिली वाट टर्मिनसपासून आझाद मैदान, उच्च न्यायालय, हुतात्मा चौक, धोबीतलाव ओलांडून गिरगाव, चौपाटी आणि बाणगंगा अशी असावी. दुसरी दादरची. तेथे राजगृह, चैत्यभूमी आणि सावरकर सदन या तीन स्थळांना एकाच सकाळी वंदन करता येते. समरसतेवरची दहा व्याख्याने जे साधणार नाहीत ते ही फेरी साधून जाईल. तिसरी वाट परळच्या चाळींतून, गिरण्यांच्या उरल्यासुरल्या धुराड्यांखालून.

या फेऱ्यांत घोषणा नकोत, अतिशयोक्ती नको, ऐकीव दंतकथांना इतिहासाचे वस्त्र चढवणे नको. आपल्या पूर्वजांचे कर्तृत्व एवढे उणे नाही की त्याला असत्याचा टेकू द्यावा लागेल. सन, स्थळ, नाव नेमके सांगावे. स्टीव्हन्सचेही नाव घ्यावे, खंडेरावांचेही घ्यावे. जे परक्याचे उत्तम आहे त्याला उत्तम म्हणण्याचा मोकळेपणा आणि जे आपले आहे त्याला आपले म्हणण्याचा निःसंकोचपणा या दोन्ही गोष्टी स्वतंत्र समाजाला शोभतात. पहिली आपण फार लवकर शिकलो. दुसरी शिकायची आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावरील परका क्रूस जाऊन तेथे शिवमुद्रेच्या प्रेरणेची अष्टकोनी आकृती आली. त्याच महिन्यात दिल्लीच्या राजपथाचा कर्तव्यपथ झाला. ध्वज आणि पाट्या शासन बदलू शकते. पावलांची सवय बदलणे शासनाच्या हाती नाही. धोबीतलावाचा तो रस्ता ओलांडायला सिग्नलचा एक मिनिट पुरतो. तो ओलांडायचा की नाही, हे प्रत्येक घराने आपापले ठरवायचे आहे.